थोरली, धाकटी आणि कुमुदअक्का

कुमुदअक्कांशी माझी ओळख झाली तेव्हा माझं तोंड उघडं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांच्यासमोर ते पुढे कधी नीट मिटलंच नाही.

जळगावात त्यांचा दातांचा दवाखाना पहिल्या मजल्यावर आणि त्याच्याच जिन्याखाली माझं वह्या-पेनांचं दुकान. दुकान नवं होतं, दाढ जुनी होती. एका दुपारी ती असली ठणकायला लागली की मी गाल धरून जिना चढलो. अक्कांनी मला खुर्चीत आडवं केलं, हिरडीत सुई टोचली, तोंडात कापसाचे बोळे कोंबले आणि शेजारच्या कपाटाचा एक खण ओढला. मला वाटलं, आता पक्कड निघणार. मी डोळे मिटून कुलदैवताला हाक मारली. उघडून पाहतो तो अक्कांच्या हातात काळी, आखूड, पेल्यासारखी एक वस्तू. ती त्यांनी माझ्या डोक्यावरच्या मोठ्या दिव्याखाली धरली, आत डोकावून पाहिलं आणि मला विचारलं,

"सांग बरं, आतला उजेड तुले निळा दिसते का जांभळा?"

"आँ," मी म्हणालो.

"निळाच ना? मलेही निळाच वाटला. म्हणजे लढाई संपल्यावरची. बघ, तुलेसुद्धा कळते!"

जुन्या लेन्सांच्या विषयातलं माझं हे पहिलं मत. ते मी दिलेलंच नव्हतं, पण पुढे कितीतरी जणांना त्यांनी ते माझ्या नावावर सांगितलं.

अक्का म्हणजे बुटकी, गोल, खणखणीत बाई. इस्त्रीची सुती साडी, तिच्यावर पांढरा डगला, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. एक चष्मा नाकावर, एक डोक्यावर आणि दातांत बघायचा दुर्बिणीसारखा तिसरा गळ्यात. आवाज असा की वर त्या पेशंटला "आ कर" म्हणाल्या की खाली दुकानात माझं गिऱ्हाईक तोंड उघडायचं. आणि या बाईला एकच नाद होता: जुन्या कॅमेऱ्यांच्या लेन्सा गोळा करायच्या, आणि प्रत्येकीचा देश, घराणं नि वय सांगायचं. कॅमेऱ्याचं त्यांना काही नव्हतं. कुणी आजोबांचा अख्खा कॅमेरा आणून दिला तर लेन्स काढून घेऊन बाकीचा परत करायच्या. "कॅमेरा म्हणजे जबडा रे, अन् लेन्स म्हणजे दात. मले जबड्यात काय करायचंय?"

लेन्सा राहायच्या दवाखान्यातल्याच कपाटात, कापसात गुंडाळलेल्या. खणांवर चिठ्ठ्या मात्र जुन्याच: वरचे डावे, वरचे उजवे, खालचे डावे. त्यामुळे 'खालचे उजवे'मध्ये जपान आणि 'वरचे डावे'मध्ये रशिया असा जगाचा नवाच नकाशा तिथे तयार झाला होता.

वय ओळखायची त्यांची रीत पाहण्यासारखी होती. आधी लेन्स तळहातावर घेऊन वजन बघायच्या, मग नाकाशी धरून वास घ्यायच्या. मग खिडकीचा पडदा ओढून एक छोटी बॅटरी आत मारायच्या. लेन्सच्या पोटात एकामागे एक काचा बसवलेल्या असतात, आणि प्रत्येक काच त्या बॅटरीचा एकेक ठिपका परत फेकते. ते ठिपके मोजले की आत किती काचा आहेत ते कळतं. ठिपके पांढरेशुभ्र असले तर काचेवर कसलाही लेप नाही, म्हणजे लेन्स बहुतेक दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. निळसर असले तर लेप आहे, म्हणजे युद्धानंतरची. त्याच्यापुढे पिवळे, जांभळे, हिरवे, नुसती रंगपंचमी. मग उजेड कमी-जास्त करणाऱ्या आतल्या पडद्याच्या पाकळ्या बघायच्या. पाकळ्या जितक्या जास्त तितकी बाई जुन्या वळणाची. शेवटी बुरशी. "ही कोकणात नांदून आलेली दिसते. जाळं बघ केवढं धरलंय! आपल्याकडची असती तर आत नुसती धूळ असती. खानदेशात माणसाले प्यायला पाणी नाही, बुरशीले कुठून मिळेल?"

हे सगळं झाल्यावर, आणि तेसुद्धा नाक मुरडत, त्या लेन्सच्या तोंडावरच्या कडीकडे बघायच्या. या कडीवर कारखान्याचं नाव आणि नंबर कोरलेला असतो. आजकाल तो नंबर मोबाईलमध्ये टाकला की साल येतं. अक्कांना त्याची चीड. "आपल्याकडे निम्मं गाव एक जूनले जन्मलंय. का? तर शाळेत नाव घालताना मास्तरनं तेच लिहिलं. माणूस खुर्चीत बसला की मी आधार कार्ड मागते का? मी म्हणते, आ कर. कार्डावरची तारीख काही म्हणो, दात खरं सांगतात."

त्यांच्या या नादाचा सगळ्यात जास्त उजेड पडला तो त्यांच्या यजमानांवर, अण्णांवर, आणि तोही अक्षरशः.

अण्णांची यावलकडे केळीची बाग. माणूस अबोल. केळीचा घड जसा न बोलता वाढतो तसे ते न बोलता घरात वावरायचे. आता काही जुन्या लेन्सांची काच वयाने पिवळी पडते, आणि तिला महिनाभर कडक ऊन दाखवलं की ती पुन्हा स्वच्छ होते. कडक ऊन ही तर आमची खास पैदास! मे महिन्यात आमच्या इमारतीच्या गच्चीवर सगळ्या बायका कुरडया वाळत घालायच्या, तेव्हा अक्का शेजारी लेन्सा वाळत घालायच्या. शेजारणी विचारायच्या, "अक्का, किती दिवस लागतात हो यांना?" अक्का म्हणायच्या, "तुमच्या कुरड्यांपेक्षा जास्त, पण या तळाव्या लागत नाहीत."

एकदा एक मोठी लेन्स त्यांनी दोन विटांवर चुलीवरच्या पातेल्यासारखी टेकवली आणि खाली काहीतरी मऊ हवं म्हणून खाटेवरची अण्णांची नवी लुंगी अंथरली. भर दुपार. भिंगानं आपला धर्म पाळला. जळका वास आला म्हणून मीही वर धावलो, तर लुंगीला बरोबर मध्यावर बोराएवढं भोक पडलेलं आणि अक्का तिसरा चष्मा लावून त्या भोकाची कड बघतायत.

"अण्णा, इकडे या! कड बघा कशी कातरून काढल्यासारखी! कुठे पसरट नाही, कुठे वाकडी नाही. काय सुरेख लेन्स आहे!"

अण्णांनी लुंगी उचलली, उन्हासमोर धरली, भोकातून एका डोळ्याने अक्कांकडे पाहिलं.

"लेन्स चांगलीच आहे," ते म्हणाले. "माणूस अगदी स्पष्ट दिसतो."

आणि खाली निघून गेले. अक्का दिवसभर हसत होत्या. पेशंटच्या दातांवर ड्रिल धरलेलं असताना हसू आलं की हात बाजूला घ्यायच्या, हसून घ्यायच्या, मग पुन्हा सुरू.

आता धुळ्याचे हमीदभाई.

धुळ्यात हमीदभाईंचा वडिलांपासूनचा फोटो स्टुडिओ. लांबुळका चेहरा, मेंदी लावलेली दाढी आणि डोळ्यांत कायमचा 'आता बघा काय गंमत करतो' असा भाव. जुन्या लेन्सांचा नाद त्यांनाही, पण पंथ उलटा. ते कडीवरचं लिखाण वाचणारे. "अक्का, नंबर खोटं बोलत नही. कारखान्यानं कोरेल शे ते!" यावर अक्का "एक जून!" एवढंच म्हणायच्या.

या भांडणातून एक रिवाज सुरू झाला. महिन्यातून एका रविवारी अक्का जळगावहून आणि हमीदभाई धुळ्याहून एसटीने निघायचे आणि मध्ये पारोळ्याला एका ढाब्यावर भेटायचे. येताना प्रत्येकाने एक लेन्स आणायची, तिच्या कडीवर चिकटपट्टी लावून नाव-नंबर झाकायचा. याला म्हणायचं घुंगट. समोरच्याने नुसत्या काचेवरून घराणं आणि वय सांगायचं, मग घुंगट उचलायचा. चुकलेल्याने उभं राहून सगळ्या ढाब्याला ऐकू जाईल असं आपल्या बोलीत कबूल करायचं. हमीदभाईंचं वाक्य होतं "मनं चुकनं!" ते इतक्या वेळा झालं होतं की ते ऐकलं की ढाब्याचा मालक न सांगता चहा पाठवायचा. अक्कांचं वाक्य ठरलेलं होतं "माह्यं चुकलं." पण ते आजवर कुणी ऐकलेलं नव्हतं. अक्का एकदाही चुकल्या नव्हत्या. मी साक्षीदार म्हणून बहुतेक वेळा बरोबर असायचो, मुख्यतः शेवभाजीसाठी.

"बठ्ठं, सगळं देखी लिन्हं आयुष्यात," हमीदभाई मला म्हणायचे. "हज व्हयनी, पोरीस्ना लगन व्हयनं. आते एकच बाकी शे, भाऊ. अक्काना तोंडतून तेवढं एक वाक्य ऐकाले भेटाले पाहिजे."

"ते या जन्मी नाही," अक्का म्हणायच्या, आणि दुसरी भाकरी मागवायच्या.

आणि आता थोरली आणि धाकटी. पिंपळनेरचा एक जुना स्टुडिओ बंद झाला, तेव्हा अक्कांना तिथून दोन जर्मन लेन्सा मिळाल्या. एकाच कारखान्याच्या, एकाच साच्यातल्या, बाहेरून जुळ्या. पण कडीवरच्या नंबरांवरून आणि आतल्या काचेवरून एक युद्धाच्या आधीची, एक नंतरची. आधीची ती थोरली, नंतरची ती धाकटी. पुढे हमीदभाईंच्या स्टुडिओतल्या लाकडी पेटी-कॅमेऱ्याची लेन्स फुटली, तेव्हा अक्कांनी मोठ्या मनाने धाकटी त्यांना देऊन टाकली. थोरली मात्र त्यांच्या अख्ख्या संग्रहाची महाराणी झाली. कवळीच्या मखमली डबीत तिची स्थापना झाली. कुणी बघायला आलं की डबी उघडायची, लांबून दर्शन द्यायचं, कडीवरचा नंबर अक्कांनी तोंडपाठ म्हणायचा आणि डबी बंद.

हमीदभाई कधी कधी कुरकुरायचे, "अक्का, तुमनी धाकटी चेहरा जरा धुरकट काढस. पण बायाले आवडस. सुरकुत्या दिसत नही."

"लेन्स पुसत जा," अक्का सांगायच्या.

गेल्या हिवाळ्यात गावातल्या फोटोग्राफर मंडळींनी अक्कांच्या लेन्सांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. मधोमध थोरली, तिच्यावर वेगळा दिवा. अक्का हवेत. त्याच्या पंधरवडाभर आधीच्या रविवारी आम्ही पारोळ्याला गेलो. हमीदभाई आधीच येऊन बसले होते, आणि बसले होते कसले, बाकावर उड्या मारायच्या बेतात होते. त्यांनी रुमालातून एक लेन्स काढली. घासून लख्ख केलेलं पितळ, नववधूसारखी पिवळीधमक, तोंडावर घुंगट.

अक्कांनी हातात घेतली आणि भुवया वर गेल्या. "घुंगट असला तरी चाल ओळखू येते. ही आमच्या थोरलीच्या घरची आहे." डोक्यावर पदर ओढून त्यांनी अंधार केला आणि बॅटरी मारली. आतून आवाज आला, "पांढरे. सगळे पांढरे! एकाही काचेले लेप नाही." पदर बाजूला झाला तेव्हा त्यांचा चेहरा फुलला होता. "हमीद, ही लढाईच्या आधीची. थोरलीची पाठची नाही, तिच्या बरोबरीची. कुठे सापडली तुले? मले देऊन टाक. माझ्या कपाटातून कोणतीही उचल."

"हाई तुमना शेवटना शब्द?"

"शेवटचा."

हमीदभाईंनी दोन बोटांनी चिकटपट्टी इतकी सावकाश सोलली, की शेजारच्या टेबलावरचा ट्रक ड्रायव्हर घास हातात धरून थांबला. अक्कांनी कडीवरचा नंबर वाचला. तोही नंबर त्यांना पाठ होता.

"तुमनी धाकटी शे!" हमीदभाई ओरडले. "तुमीच माले दिन्ही व्हती, अक्का! मी फक्त काळा रंग काढीसन पितळ चमकाडं. आपली पोर वळखी नही तुम्ही! लढाईनंतरनी शे. आते म्हना!"

मालकाच्या हातात चहाची किटली. मी बाकावर पुढे सरकलो. खोटं कशाला बोलू, मला तर गुदगुल्या होत होत्या.

अक्कांनी पदराखाली जाऊन पुन्हा बॅटरी मारली. बराच वेळ. बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या रविवारी सांगते."

"असा कसा? नियम शे!"

"पुढच्या रविवारी, हमीद."

परतीच्या एसटीत त्या एरंडोल गेलं तरी एक शब्द बोलल्या नाहीत. कंडक्टरने मला हळूच विचारलं, "बाईंची तब्येत ठीक आहे ना?"

सोमवारी सकाळी त्यांनी मला वर बोलावलं. अण्णाही खुर्चीत होते, पेशंटच्या. टेबलावर कवळीची डबी. "दिलीप, मी रात्रभर विचार करतेय," अक्का म्हणाल्या. "हमीदच्या लेन्सचे ठिपके पांढरे होते. माझे डोळे मले फसवत नाहीत. मग कडी कशी फसवते?" त्यांनी डबी उघडली, थोरली बाहेर काढली. इतक्या वर्षांत तिच्या पोटात बॅटरी मारलेली मी पाहिली नव्हती. मारायचं कारणच नव्हतं. आपल्या आईचं वय कोण दात मोजून ठरवतं?

अक्कांनी बॅटरी मारली. ठिपके निळे होते. एक नाही, सगळे.

मग त्यांना आठवलं. पिंपळनेरहून आल्यावर दोघी बहिणींना साफ करायला त्यांनी याच टेबलावर दोघींना एकदमच उघडलं होतं. कड्या काढून ठेवल्या, काचा पुसल्या, आणि तेवढ्यात एक नवरदेव हळदीच्या अंगाने जिना चढून आला. दुसऱ्या दिवशी लग्न आणि ऊस खाताना पुढचा दात तुटलेला. मागोमाग त्याची आई, मावशी आणि रडणारी करवली. अक्कांनी लेन्सा घाईने बंद केल्या, दात बसवला, नवरदेवाला हसवून पाठवला. "मुलाचं तोंड नीट केलं," अक्का कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अन् इकडे दोन पोरींची तोंडं बदलून बसले!"

म्हणजे घुंगटातली ती खरी थोरली होती. अक्कांनी ती स्वतःच्या हाताने हमीदभाईंना देऊन टाकली होती, आणि इतकी वर्षं मखमलीत धाकटीची पूजा चालू होती. लोककथेत धाकटी दाखवून थोरली गळ्यात बांधतात. इथे अक्कांनी नकळत तेच केलं: धाकटी ठेवून घेऊन थोरली पाठवली.

आता पेच असा. अक्का गप्प राहिल्या तर थोरलीचं नाव त्यांच्याकडे राहत होतं, प्रदर्शनाचा मधला दिवाही राहत होता. फक्त पारोळ्याला "माह्यं चुकलं" म्हणावं लागलं असतं. आणि खरं सांगितलं, तर घुंगटातला त्यांचा निकाल अचूक ठरत होता, पण महाराणी कायमची धुळ्याला जात होती. माझ्यासारख्या माणसाला ही केवढी मेजवानी! मी लगेच सैतानाचं काम अंगावर घेतलं.

"अक्का, एक वाक्य म्हणून टाका. हमीदभाई खूश, थोरली तुमची. कुणाला कळणार आहे?"

अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझी दाढ आठवली.

"काचेले ठाऊक आहे ना," त्या म्हणाल्या.

अण्णा खुर्चीतून म्हणाले, "आणि न चुकता चुकलं म्हणणं तिला जमेल का, दिलीप?"

तेही खरंच होतं.

पुढच्या रविवारी अक्का मखमली डबी घेऊन पारोळ्याला आल्या आणि सगळं सांगितलं. नवरदेव, ऊस, करवली, काही म्हणजे काही गाळलं नाही. हमीदभाई आधी हसले, मग आपल्या लेन्सकडे बघायला लागले.

"म्हणजे इतला वरीस थोरली मनाजोडे व्हती? अन् मी तिनावर पासपोर्टना फोटो काढी राहिंथू?"

"अन् तक्रार करत होतास, धुरकट काढते म्हणून! लेप नसला की जुनी काच तशीच काढते. तेव्हाच मले कळायला पाहिजे होतं."

"ठेवा अक्का तुम्ही. तुमनी शे."

"दिलेली लेक कुणी परत मागतं का रे?"

मग दोघांनी शेवभाजीची ताटं बाजूला सारली. अक्कांनी पर्समधून दातांचं एक बारीक हत्यार काढलं, दोन्ही कड्या सोडवल्या आणि जिची तिला बसवली. हमीदभाईंनी आपल्या थोरलीला रुमालात गुंडाळलं आणि मग एकदम त्यांना कर्तव्य आठवलं.

"ते बठ्ठं ठीक शे. पण आते म्हना."

"काय म्हणू? घुंगटात मी बरोबर होते. माझी नजर चुकली नाही, हात चुकला."

"नजर बी तुमनी, हात बी तुमना!"

"नियम नजरेचा आहे."

ढाब्यात दोन तट पडले. ट्रकवाले अक्कांच्या बाजूने, मालक हमीदभाईंच्या, कारण त्याला चहा पाठवायचा होता. निकाल लागला नाही. अक्का आपल्या एसटीत चढल्या, हमीदभाई त्यांच्या. दोन्ही गाड्या सुटेपर्यंत खिडकीतून "म्हना!", "नाही!" चालू होतं.

प्रदर्शनाला सगळं गाव लोटलं. मधोमध, वेगळ्या दिव्याखाली थोरलीच होती, आणि खाली अक्कांनी ठळक अक्षरांत लिहून घेतलं होतं: हमीदभाई, धुळे, यांच्या संग्रहातून. येणाऱ्या प्रत्येकाला त्या आपल्या घोटाळ्याची गोष्ट सांगत होत्या, आणि दर वेळी नवरदेवाचं वऱ्हाड वाढत होतं. दुपारपर्यंत त्यात बँडही आला. हमीदभाई शेजारी उभे राहून प्रत्येक वेळी कान टवकारायचे. गोष्ट संपायची. ते एक वाक्य काही यायचं नाही.

संध्याकाळी हमीदभाई म्हणाले, "चला, निदान एक फोटो तरी काढी देऊ द्या." त्यांनी तो लाकडी पेटी-कॅमेरा आणला होता. थोरलीला पुढे बसवलं, मागे एक्स-रेची फिल्म घातली. अशा फिल्मला बराच उजेड लागतो, म्हणून लेन्सची टोपी काढून चार-पाच आकडे मोजेपर्यंत समोरच्याने दगडासारखं बसायचं.

अक्कांना खुर्चीवर बसवलं. आयुष्यभर लेन्सच्या पोटात बघणारी ही बाई लेन्ससमोर बसली तेव्हा पदर सारखा करण्यात तिचा बराच वेळ गेला. अण्णा मागे उभे राहिले.

"हलू नका. श्वास बी हळू. अन् अक्का, तुमले विनंती शे, बोलू नका."

हमीदभाईंनी टोपी काढली. "एक," ते म्हणाले. "दोन..."

आणि अक्का, सरळ थोरलीच्या काचेत बघत, साऱ्या हॉलला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "माह्यं चुकलं."

हमीदभाईंच्या हातात टोपी तशीच राहिली. तीन म्हणायचं ते विसरले. मग भानावर येऊन त्यांनी घाईने टोपी लावली आणि हात जोडून म्हणाले, "अक्का! आख्खा दिवस शे, आख्खं वरीस शे, अन् तुम्ही नेमकं आते? फोटो गया ना! परत बसा."

"एकदाच म्हणणार होते," अक्का म्हणाल्या आणि उठल्या. धाकटीची डबी काखेत मारली, अण्णांना कोपराने पुढे ढकललं आणि आपल्याच विनोदावर खांदे हलवत हॉलच्या पायऱ्या उतरून गेल्या.

आता दवाखाना बंद आहे. अक्का आणि अण्णा मुलीकडे नाशिकला असतात. पण धुळ्याला गेलो की मी हमीदभाईंच्या स्टुडिओत डोकावतो. दारातून आत गेल्याबरोबर समोर तोच फोटो आहे, चौकटीत. एक्स-रेच्या फिल्मवर लाल रंग काळा उतरतो, म्हणून कपाळावरचं कुंकू काळंभोर. पदराचा एकेक धागा मोजता येईल. मागे अण्णा, अगदी स्पष्ट. डोळे खोडकर, सरळ तुमच्याकडे बघणारे. फक्त ओठांच्या जागी एक पुसट धुकं.

परवा मी तिथे असताना नवा फोटो काढायला आलेल्या एका बाईने विचारलं, "चाचा, बिघडलेला फोटो कशाला लावलाय?"

हमीदभाईंनी तिला खांद्याला धरून फोटोच्या अगदी जवळ नेलं.

"बिघडेल शे? नीट देख, बेटा," ते म्हणाले. "ऐकू येस."